आधीच लावलेला ठिपका

माझा भाऊ एल्डन जन्माचा भित्रा. हे मी त्याच्या तोंडावर सांगते, मग इथं सांगायला कसली चोरी? लहानपणी शिडीवर चढायचं म्हटलं की त्याचे पाय लटपटायचे, आणि शेजारचं कुत्रं नुसतं उठून बसलं तरी हा माझ्या फ्रॉकमागं. मी थोरली, त्यामुळं भित्री भागूबाई हे नाव त्याला मीच ठेवलं. आता आमची दोघांची नोकरी संपली, गुडघे गेले, तरी तो मला, रोवीनाला, रो म्हणतो, मी त्याला भागूबाई म्हणते, आणि आमचं झकास चाललंय.

पण एक मान्य करायला हवं. गाडीखाली उताणं पडून काम करणाऱ्या माणसाला भीती असलेली बरी. आमच्या गावात बेधडक हात घालणारे मेकॅनिक पुष्कळ होऊन गेले. त्यातल्या एकाच्या हाताला बोटं कमी आहेत आणि एकाला चर्चमागं पुरलाय. एल्डन प्रत्येक नट आवळतो, मग पुन्हा बघतो, हात पुसून कॉफी घेतो आणि कॉफी अर्धी टाकून परत बघायला जातो. बायको असताना ती बिचारी जेवणाचं ताट झाकून ठेवायची. असला हा माणूस. लोक त्याला हसायचे, आणि आपल्या गाड्याही त्याच्याकडंच आणायचे.

शाळा संपल्यासंपल्या तो फ्लिंटजवळच्या मोटारींच्या कारखान्यात लागला. पुढच्या चाकांचं सस्पेन्शन, म्हणजे चाकं धरणारा आणि धक्के सोसणारा सांगाडा, जोडायचं काम. जुळणीच्या सरकत्या पट्ट्याच्या डाव्या अंगाला हा, समोरच्या अंगाला हॉलिस. हॉलिस म्हणजे दांडगा गडी, मोठ्यानं हसणारा, सगळ्यांची टिंगल करणारा, आणि का कोण जाणे, पहिल्या दिवसापासून माझ्या भावाचा जिवलग. गाडी पुढ्यात आली की दोघांनी दोन्हीकडून चाक धरणारे लोखंडी आर्म बसवायचे, त्यांच्या मुळाशी बोल्ट घालायचे आणि नट नुसते बोटांनी फिरवून ठेवायचे. तेव्हा आवळायचे नाहीत. कारण आर्मच्या मुळाशी रबराचे बुश, म्हणजे धक्का झेलणारी कडी, असतात. गाडी हवेत लोंबत असताना नट आवळला तर रबर तसंच जखडतं, आणि गाडी खाली आली की पिळवटून फाटतं. म्हणून गाडी स्वतःच्या चाकांवर उभी राहिली की मगच पाना लावायचा. आवळून झालं की ब्रश बुडवून नटावर पिवळ्या रंगाचा एक ठिपका द्यायचा. त्या ठिपक्याचा अर्थ साधा होता. हा नट मी आवळलाय, काही झालं तर मला विचारा.

आधी पाना, मग ठिपका. झोपेत उठवून विचारलं असतं तरी एल्डननं हेच सांगितलं असतं.

आता त्याच काळातल्या त्या दणकट इंजिनच्या गाड्यांना सोन्याचे दिवस आलेत. उन्हाळ्यात आमच्याकडं दर रविवारी कुठं ना कुठं प्रदर्शन असतं, आणि गळ्यात बिल्ला अडकवलेली शहाणीसुरती माणसं हिरवळीवर आडवी होऊन गाडीच्या पोटाखाली टॉर्च मारतात. आर्म मूळचा आहे का, स्प्रिंग मूळची आहे का, आणि कारखान्यातले ठिपके जागच्या जागी आहेत का! जुने फोटो बघून ठिपके रंगवणारे कलाकार निघालेत. नट आवळलाय की नाही याच्याशी त्यांना देणंघेणं नाही. एल्डनला याचा फार राग. म्हणायचा, "रो, हे म्हणजे तपासल्याशिवाय औषधावर सही करण्यासारखं आहे." तो ठिपका द्यायचा, पण आवळल्यावरच.

हॉलिसची शेव्हेल गाडी सत्तर सालातली. त्यांच्याच पट्ट्यावरून उतरलेली, नवीन असताना त्यानंच घेतलेली. लग्नाला तीच, मुलगी झाली तेव्हा दवाखान्यातून आणायला तीच, आणि बायको गेली तेव्हा तिच्या शववाहिकेमागं तीच. नंतर फुप्फुसांनी दगा दिला, हॉलिसच्या नाकाला प्राणवायूची नळी लागली आणि गाडी कोठारात धूळ खात पडली. वसंतात त्यानं एल्डनला बोलावून घेतलं. म्हणाला, "मला न्यायची वेळ येईल तेव्हा ही माझ्या मागनं यायला हवी. इंजिन ठीक आहे, पाय गेलेत तिचे. तेवढे धरून दे. आणि ऐक, नवीन माल आणलास तर बघ. हिचे पाय हिचेच राहायला पाहिजेत."

गाडी हलवण्यासारखी नव्हती, म्हणून एल्डन रोज हॉलिसच्या कोठारात जायला लागला. गाडी स्टँडवर चढवली, चाकं काढली. स्प्रिंग काढायच्या दिवशी मी डबा घेऊन गेले होते, तर मला त्यानं दारातच उभं केलं. दाबून बसवलेली स्प्रिंग निसटली तर माणसाचं काय होतं ते त्यानं कारखान्यात एकदा बघितलं होतं. तेव्हापासून तो स्प्रिंगला साखळीचे वेढे घालून, साखळीला कुलूप लावून, मग आर्मखालचा जॅक केसाकेसानं खाली घ्यायचा. कपाळावर घामाचे थेंब आणि ओठ पांढरे. हॉलिस घडीच्या खुर्चीवर बसून बघत होता.

"काय रे भागूबाई," तो म्हणाला. माझं ठेवलेलं नाव त्यानं कधीच पळवलं होतं. "वाघ बाहेर काढतोयस की स्प्रिंग?"

"तू गप बस. तुझी नळी सांभाळ," एल्डन म्हणाला.

आर्म निघाले तसे ते त्यानं घासले नाहीत की त्यांच्यावर वाळूचा मारा केला नाही. तसं केलं की पन्नास वर्षांच्या मळाबरोबर मूळच्या खुणाही जातात. रॉकेलमध्ये फडकं बुडवून, लहान मुलाचं नाक पुसावं तसा तो एकेक थर उतरवत होता. चाक ज्यांवर वळतं ते बॉल जॉइंट खिळखिळे झाले होते, त्यांना पर्याय नव्हता. ते बदलले, पण बोल्ट न घालता मूळच्यासारखे रिव्हेट ठोकून बसवले. जुन्या बुशांचं रबर काढून त्याच लोखंडी वाट्यांमध्ये नवीन रबर दाबलं. आणि डाव्या आर्मच्या मुळाशी, ग्रीसच्या कवचाखाली, नखाएवढा पिवळा रंग निघाला.

हॉलिसनं खुर्ची जवळ ओढायला लावली. बराच वेळ बघत राहिला. "डावी बाजू. म्हणजे तुझा," तो म्हणाला. "बघ, ओघळलाय. तुझा ठिपका कधी धड गोल आला नाही. हात कापायचा तुझा."

"तुझा गोल यायचा, पण अर्ध्या वेळेला भलत्याच नटावर."

दोघं हसले आणि हॉलिसला खोकल्याची उबळ आली. ती थांबेना. आत जाऊन त्याच्या मुलीला, रेनीला, हाक मारावी लागली. रेनी नोकरी सोडून बापाची सेवा करायला आली होती, सोबत तिची पहिलीतली मुलगी मेव्ह. त्या दिवसापासून हॉलिस झपाट्यानं खंगत गेला.

पुढचं मी पाहिलेलं नाही, एल्डनकडून ऐकलेलं आहे. सस्पेन्शन सगळं जोडून झालं होतं. चाकंही चढली होती, पण गाडी अजून स्टँडवर, हवेतच. खालच्या आर्मचे चारी नट बोटांनी फिरवून ठेवलेले. दुसऱ्या दिवशी गाडी खाली घ्यायची, नट आवळायचे, काम संपलं. तर संध्याकाळी रेनी हॉलिसला खुर्चीसकट कोठारात घेऊन आली आणि आत स्वयंपाकाला गेली. हॉलिसला धड बोलता येत नव्हतं.

"झालं?" त्यानं विचारलं.

"झाल्यातच जमा. उद्या खाली घेतो."

"ठिपका दे की मग."

"गाडी हवेत आहे, हॉलिस."

"असू दे. दे तू. मला उद्याचं काही सांगू नकोस."

एल्डन म्हणतो, त्यानं मान हलवली, नाही म्हणाला, पुन्हा नाही म्हणाला. मग हॉलिस खुर्चीत पुढं वाकला. नुसता त्या नटांकडं बघत राहिला. आणि ज्या माणसानं सबंध आयुष्यात पान्याच्या आधी ब्रश उचलला नव्हता, त्यानं ब्रश उचलला. चारी नटांवर ठिपके दिले. हॉलिसनं त्याचा हात धरला, आणि दोघं रंग सुकेपर्यंत तसेच बसून राहिले. एल्डनला वाटलं, औषधाच्या गुंगीत ह्याला काम झालंच असं वाटतंय, आणि एका रात्रीचा तर प्रश्न आहे, उद्या सकाळी येऊन आवळतो, कोण हात लावणार आहे?

पहाटे त्याच्या पोटात असं दुखायला लागलं की तो फोनवर मला नीट सांगूही शकेना. अपेंडिक्स फुटलं होतं. मी त्याला गाडीत घातला आणि दवाखान्यात नेला. आठवडाभर तो तापात, सलाईनमध्ये, अर्धा जागा अर्धा झोपेत. त्याच आठवड्यात हॉलिस गेला. मी हे एल्डनला जरा बरं वाटल्यावर सांगितलं. त्यानं भिंतीकडं तोंड केलं. गाडीचा विषय ना त्यानं काढला ना मी. मला त्यातलं काही ठाऊकच नव्हतं, आणि त्याच्या डोक्यात गाडी त्या कोठारात, स्टँडवर, सुखरूप उभी होती.

अंत्यविधी होता शनिवारी आणि त्याच सकाळी एल्डनला सोडलं. मी त्याचा काळा कोट घेऊनच गेले होते. डॉक्टर म्हणाले, घरी जाऊन पडून राहा. एल्डन म्हणाला, हो हो. आम्ही पिकअपमध्ये बसलो आणि मी सरळ दफनभूमीचा रस्ता धरला. फ्युनरल होममधली, म्हणजे शवपेटी ठेवतात तिथली, प्रार्थना चुकणार होती, पण मातीला तरी पोचलो असतो. त्याला जरा बरं वाटावं म्हणून मी म्हटलं, "तुझं काम वाया गेलं नाही हो. शेव्हेल निघतेय त्याच्या मागनं. शववाहिकेच्या पाठोपाठ तीच, रेनी चालवतेय."

त्यानं माझ्याकडं बघितलं. मी माझ्या भावाला घाबरलेला हजार वेळा पाहिलाय. असा कधी पाहिला नव्हता.

"कोणी उतरवली?" तो म्हणाला.

"जुन्या गाड्यांच्या क्लबातल्या गॅरेटनं. काल. तो सांगत होता, खाली वाकून टॉर्चनं नीट बघितलं, एल्डनचे ठिपके आहेत म्हणजे काम चोख आहे, एल्डन आवळल्याशिवाय ठिपका देतच नाही. चाकं घट्ट केली आणि..."

"रो, नट ढिले आहेत."

"कुठले नट?"

"खालच्या आर्मचे. चारी. मी आवळले नाहीत. मी नुसता रंग लावलाय." आणि मग एका दमात त्यानं ती कोठारातली संध्याकाळ सांगितली. 

मी आयुष्यभर शाळेची बस चालवली. सुटा बोल्ट काय करतो ते मला समजावून सांगायची गरज नव्हती. आर्म मुळातून सुटला की चाक आडवं होतं, गाडी नाक जमिनीत खुपसते आणि मग ती कुठं जाईल ते चालवणाऱ्याच्या हातात राहत नाही. मी वेग वाढवला. कारण मला आणखी एक गोष्ट माहीत होती. सकाळी रेनीशी फोनवर बोलणं झालं तेव्हा ती म्हणाली होती की मेव्ह आजोबांच्या गाडीत मागं बसणार म्हणून हट्ट धरून बसलीय.

मी हे एल्डनला सांगितलं नाही. त्यानंच विचारलं. "मेव्ह?" म्हणाला. मी मान हलवली.

रेनीचा फोन बंद. गॅरेटचा वाजत राहिला. प्रार्थनेला बसताना सगळ्यांनी आवाज बंद केले असणार. फ्युनरल होममधली बाई फोनवर हळुवार आवाजात म्हणाली, "ते निघालेत बाई, आता दफनभूमीतच भेटतील." मी तिला काय सांगणार होते? रस्ता कुठला घेतला तेवढं विचारलं. जुना हायवे. म्हणजे खडीच्या खाणीजवळून, आणि मग तो लांबलचक उतार, खाली नदीवरचा अरुंद पूल, समोरून येणारे खडीचे ट्रक.

"उतारावर ती ब्रेक मारणार," एल्डन म्हणाला. "ब्रेक मारला की आर्म मागं ओढला जातो. सगळा ताण त्या बोल्टांवर येतो. रो, उताराच्या आधी."

मी गाडी कशी हाणली ते विचारू नका. लाल दिवा होता की हिरवा, मला आजही सांगता येणार नाही. एल्डन पोटावरच्या टाक्यांवर हात दाबून बसला होता आणि पुटपुटत होता. मला वाटलं देवाचं नाव घेतोय. कान दिला तर तो कोणता बोल्ट कोणत्या बाजूनं घातला होता ते आठवत होता. पुढचा पुढून, मागचा मागून, पुन्हा पुढचा पुढून.

खाणीच्या फाट्यापाशी प्रेतयात्रेचं शेपूट दिसलं. भर दिवसा लावलेले दिवे, टपावर फडफडणाऱ्या जांभळ्या झेंड्या, क्लबातल्या जुन्या गाड्यांची रांग. लोक आपापल्या मोटारी कडेला घेऊन टोप्या काढून उभे. आमच्याकडं प्रेतयात्रेच्या रांगेत कोणी घुसत नाही. दारू प्यालेलाही नाही. मी विरुद्ध बाजूच्या पट्ट्यात घातली आणि सगळ्यांना मागं टाकत सुटले. खिडक्यांतून माणसं माझ्याकडं बघत होती, त्यातली अर्धी मी शाळेत नेऊन सोडलेली. कोणी हॉर्न दिला, कोणी मूठ दाखवली. समोरून एक ट्रक आला तेव्हा मी रांगेत नाक खुपसलं आणि मागच्याला करकचून थांबायला लागलं.

"तिला हॉर्न देऊ नकोस," एल्डन ओरडला. "दचकून ब्रेक मारेल."

मग शेव्हेल दिसली. गर्द निळी, धुऊन पुसून आरशासारखी केलेली. मागच्या काचेतून मेव्हच्या डोक्यावरची पांढरी रिबीन दिसत होती. आणि पुढचं डावं चाक. एल्डननं ते माझ्या आधी बघितलं. ते चाक सरळ धावत नव्हतं. मधूनच आत-बाहेर होत होतं, जरासं, दारू प्यालेल्या माणसानं पाऊल टाकावं तसं. एल्डनच्या तोंडून आवाज आला, शब्द नव्हता.

शववाहिका आणि शेव्हेल यांच्यात एका गाडीपुरती जागा होती. मी तिथं शिरले. हॉलिसची शवपेटी माझ्या पुढं, हॉलिसची मुलगी आणि नात माझ्या मागं, आणि उतार समोर दिसायला लागलेला. ब्रेकला पाय लावायची सोय नव्हती, कारण मी थांबले की ती थांबणार, आणि ती जोरात थांबली की संपलं. मी नुसता पाय उचलला. हात खिडकीबाहेर काढून तळवा खाली दाबत राहिले, हळू, हळू, बसमागच्या गाड्यांना करायचे तसं. एल्डन मागच्या काचेला नाक लावून बसला होता. "येतेय. हळू होतेय. चाक हललं. रो, चाक हललं. नाही, आहे. आहे." शववाहिका पुढं निघून गेली. आमची गाडी चालत्या माणसाच्या वेगावर आली, आणि मागची शेव्हेलही. मी कडेच्या गवतावर चढले, ती माझ्या मागं चढली, आणि थांबली. तिथून शंभर पावलांवर उतार सुरू होत होता.

रेनी दार आपटून उतरली. काळ्या कपड्यात, डोळे सुजलेले, आणि रागानं लालबुंद. "रोवीना, डोकं ठिकाणावर आहे का तुमचं? माझे वडील आहेत पुढं!"

मी काही बोलायच्या आत एल्डन तिच्या शेजारून गेला. चालत नव्हता, वाकून सरपटल्यासारखा जात होता. कोट अंगात तसाच, तो डाव्या चाकाशी खडीवर उताणा पडला आणि खाली सरकला. मागून गॅरेट धावत आला, क्लबातली माणसं आली. सगळे उभे. गाडीखालून नुसते त्याचे बूट दिसत होते.

"एल्डनकाका?" रेनी म्हणाली. आवाज बदलला होता.

खालून त्यानं हात बाहेर काढला. तळहातावर काही नव्हतं. "पुढचा नट गेलाय," तो म्हणाला. "बोल्ट अर्धा बाहेर आहे. पोरीला गाडीतनं बाहेर काढ."

गॅरेट गुडघ्यावर बसला, टॉर्च मारली आणि उठला तेव्हा त्याचा चेहरा राखेसारखा झाला होता. "पण ठिपका होता," तो म्हणाला. "मी स्वतः बघितला. तुझा ठिपका होता, एल्डन."

"मी आधीच लावला होता," एल्डन गाडीखालून म्हणाला. सगळ्यांना ऐकू गेलं. "न आवळता लावला होता. तुझी चूक नाही."

 मग एकानं जॅक आणला, एकानं पान्यांची पेटी. एका म्हाताऱ्यानं आपल्या गाडीच्या डिकीतला डबा उपडा करून मापाचा नट शोधून दिला. ती माणसं हे हॉलिससाठी करत होती. एल्डनकडं मात्र कोणी बघत नव्हतं. चेष्टा नाही, की शिवी नाही. शिवी दिली असती तर बरं झालं असतं. आर्म उचलून त्यानं बोल्ट आत ठोकला, नट चढवला, जॅक काढून गाडी चाकांवर सोडली आणि चारी नट आवळले. त्याच्या पांढऱ्या शर्टावर पोटापाशी लाल डाग दिसायला लागला होता. मी बस कर म्हटलं. त्यानं पुन्हा पहिल्यापासून आवळून बघितले.

उठून उभा राहिला तेव्हा रेनी समोर होती. मेव्हला तिनं घट्ट धरून ठेवलं होतं.

"आता बसू का मी हिच्यात?" तिनं विचारलं.

हा प्रश्न त्याला आयुष्यभर लोकांनी विचारला, आणि तो नुसती मान हलवायचा. तेवढं पुरायचं. आज त्याची मान हलेना. काम चोख झालं होतं, मी बघितलं होतं, गॅरेटनं बघितलं होतं. पण त्याला हो म्हणता येईना. शेवटी म्हणाला, "मी चालवतो. तुम्ही दोघी रोच्या गाडीत बसा."

रेनीनं मेव्हला माझ्या पिकअपमध्ये बसवलं, पट्टा लावला, पट्टा ओढून बघितला. मला वाटलं आता तीही चढेल. ती दार लावून मागं फिरली आणि शेव्हेलमध्ये एल्डनच्या शेजारी जाऊन बसली.

उतार आम्ही इतक्या हळू उतरलो की खडीचे ट्रक आमच्या मागं थांबून राहिले. मी आरशातून त्या दोघांना बघत होते. रेनी बोलत होती. एल्डन रस्त्यावरची नजर काढत नव्हता. पूल आम्ही चालत्या माणसाच्या वेगानं ओलांडला. मेव्ह म्हणाली, "तुम्ही का रडताय?" मी म्हटलं, "मी नाही रडत, तू समोर बघ."

हॉलिसला मातीत ठेवला. चर्चच्या तळघरात भट्टीत भाजलेलं बटाट्याचं कॅसरोल आणि हॅम खाऊन लोक पांगले. एल्डनला पुन्हा टाके घालून मी त्याला माझ्या घरी आणला, व्हरांड्यात बसवला, पुढ्यात सूप ठेवलं. तेव्हा तो बोलला.

"रो, हॉलिसला माहीत होतं."

"काय?"

"ठिपका खोटा आहे ते. त्या रात्री त्यानं रेनीला सांगितलं होतं. एल्डननं माझं मन राखायला रंग लावलाय, नट ढिले आहेत, तो परत येईपर्यंत गाडीला कोणाला हात लावू देऊ नकोस." तो थांबला. "रेनीला वाटलं औषधाच्या गुंगीत बरळतायत. त्याच रात्री तो तिच्या आईला कॉफी मागत होता म्हणे. आई जाऊन किती वर्षं झाली. तर ही हो हो म्हणाली आणि विसरली. मेव्हला तिनं स्वतः उचलून मागं बसवलं. गाडीत ती माझी माफी मागत होती, रो. माझी."

 मी सूपाची वाटी त्याच्याकडं सरकवली.

"त्याला कळलं होतं तर मला का नाही सांगितलं?" तो म्हणाला. "तिथंच. पुस ते, म्हणून."

"तू लावलास कशाला?"

"तो खूश दिसला म्हणून."

"मग त्यालाही तू खूश दिसला असशील," मी म्हटलं.

तो माझ्याकडं बघत राहिला आणि मग त्याला थरथर सुटली, खांद्यापासून पायांपर्यंत. मी त्याला भागूबाई म्हटलं नाही. त्याच्या पाठीवर हात ठेवला, तर खरं सांगते, माझाही हात थांबत नव्हता.